झाडाची चूल कोठे असते?

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील प्रौढ वर्गांपुढे केलेले भाषण)



आज मी तुम्हांला एक साधा प्रश्न विचारणार आहे. भाताचे रोप काय खाते?

हा प्रश्न मी ज्या ज्या वर्गात विचारला, तेथे उत्तर बहुतेक एकच आले. "माती खाते, गुरुजी." कोणी म्हणाले, "खत खाते." एक आजी म्हणाल्या, "राख खाते. म्हणून तर आम्ही राब भाजतो." आजींचे उत्तर मी मुद्दाम लक्षात ठेवले आहे. राबाकडे आपल्याला शेवटी यायचेच आहे.

ही उत्तरे काही वेडगळ नाहीत. झाड मातीत उभे असते. मुळे मातीत असतात. खत घातले की पीक काळेभोर होते. तेव्हा झाड माती खाते असे कोणालाही वाटेल. मोठमोठ्या विद्वानांनाही कित्येक शतके असेच वाटत होते. पण हे खरे आहे की नाही ते पाहायचे कसे? त्याला शाळा लागत नाही. घरची चूल पुरते.

समजा, तुम्ही १०० किलो वाळके लाकूड जाळले. राख किती उरेल? बायकांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. एक किलो, फार तर दोन किलो. ही राख म्हणजे झाडाने मातीतून घेतलेला माल. मग बाकीचे ९८ किलो कोठे गेले? त्याचा धूर झाला, वाफ झाली, ते हवेत गेले. आता मला सांगा, जे जळून हवेत गेले, ते झाडात आले तरी कोठून?

आजच्या बेल्जियम देशात हेल्मॉन्ट नावाचा एक वैद्य होता. त्याने हा प्रश्न तराजूने सोडवायचे ठरवले. एका मोठ्या कुंडीत त्याने सुमारे ९० किलो कोरडी माती तोलून भरली. तीत वाळुंजाच्या जातीचे एक रोप लावले. रोपाचे वजन होते सव्वादोन किलो. पाच वर्षे त्याने त्या रोपाला पाण्याशिवाय काही दिले नाही. पाच वर्षांनी झाड उपटून तोलले, तर ते ७६ किलोहून जास्त भरले. मग कुंडीतली माती वाळवून तोलली. ती कितीने कमी झाली होती? जेमतेम एका छटाकाने! जुन्या मंडळींना छटाक आठवत असेल. आजच्या मापाने सुमारे ५७ ग्रॅम. हेल्मॉन्टच्या मृत्यूनंतर १६४८ साली हा प्रयोग छापून आला.

म्हणजे ७४ किलो झाड वाढले आणि माती गेली एक छटाक. झाड माती खाऊन वाढत नाही, हे तेथेच ठरले. हेल्मॉन्टला मात्र वाटले की सगळे झाड पाण्यापासून झाले. ते अर्धेच खरे होते. दुसरी वस्तू त्याच्या नाकासमोर होती, पण दिसत नव्हती. ती म्हणजे हवा.

पुढे १७७१ साली इंग्लंडात प्रीस्टली नावाच्या गृहस्थाने बंद काचपात्रात मेणबत्ती लावली. ती थोड्या वेळाने विझली, कारण आतली हवा खराब झाली. त्याच हवेत त्याने पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी पाहतो तो त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळू लागली. झाडाने हवा सुधारली होती. मग १७७९ साली इंगेनहाऊस या डच डॉक्टरने दाखवले की हे काम झाड फक्त उजेडात करते, आणि झाडाचा फक्त हिरवा भाग करतो. मूळ करीत नाही. साल करीत नाही. अंधारात पानही करीत नाही.

येथे झाडाच्या चुलीचा पत्ता लागला. झाडाची चूल मातीत नाही. ती पानात आहे.

आता ही चूल पेटते कशी ते पाहू. स्वयंपाकाला काय काय लागते? शिधा लागतो, पाणी लागते, सरपण लागते आणि भांडे लागते. पानातही हे सारे आहे. पानाला, विशेषतः त्याच्या खालच्या अंगाला, डोळ्यांना न दिसणारी असंख्य बारीक भोके असतात. त्यांतून हवा आत येते. हवेत कर्बवायू असतो. शाळेतली मुले त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतात. दहा हजार भाग हवेत तो जेमतेम चार भाग आहे. एवढासा असला तरी हाच झाडाचा शिधा. पाणी मुळांतून वर चढून पानात येते. सरपण म्हणजे सूर्याचा उजेड. आणि भांडे म्हणजे पानातला हिरवा रंग, त्याला हरितद्रव्य म्हणतात. उजेड पडला की हे हरितद्रव्य तो पकडते, आणि कर्बवायू व पाणी यांची साखर बनवते. होय, साखरच! मग साखरेचे पीठ होते, तेल होते, लाकूड होते, सूत होते. तांदळाचा दाणा, मोहाचे फूल, सागाचा वासा, सारे त्या साखरेचे.

या स्वयंपाकात एक वस्तू उरते, ती पान बाहेर टाकून देते. तो प्राणवायू. झाडाने टाकलेल्या या उष्ट्यावर आपण जगतो, आपली गुरे जगतात. तळ्यातली पाणवनस्पती दुपारच्या उन्हात नीट न्याहाळा. पानांवर बारीक बुडबुडे धरलेले दिसतील. तो हाच वायू.

कोणी सांगतात की पिंपळ रात्रीसुद्धा प्राणवायू सोडतो. पिंपळाला नमस्कार जरूर करा. पण प्राणवायू सुटायला उजेड लागतो, आणि तो नियम पिंपळालाही आहे.

उजेडाचे महत्त्व पाहायचे असेल तर अंगणातल्या हिरव्या गवतावर एक पाटी आठ दिवस पालथी घाला. माती तीच, पाणी तेच. तरी पाटीखालचे गवत पिवळे आणि लुळे पडते. का? चुलीत सरपण नाही.

आता तयार झालेले अन्न जाते कोठे?

फाल्गुन-चैत्रात पहाटे तुम्ही मोहाखाली फुले वेचायला जाता. तेव्हा वर पाहिलेत कधी? झाड जवळजवळ बोडके असते. पान नाही म्हणजे चूल नाही. आणि फूल तर साखरेने भरलेले, टोपल्याच्या टोपल्या! मग ही साखर आली कोठून? ती गेल्या पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पानांनी केली. झाडाने ती खोडात आणि मुळांत साठवून ठेवली, जशी आपण कणगीत भात ठेवतो. फुलायची वेळ आली तेव्हा कणगी उघडली. पळसाचेही तसेच. बोडके झाड लाल फुलांनी पेटते, ते साठवणीच्या जोरावर.

शेवळांचे घ्या. पहिला पाऊस पडला की शेवळे जमिनीतून वर येतात. आपण ती काकडांबरोबर रांधतो. शहापूर-मुरबाडच्या बाजारात आपल्या ठाकूर-कातकरी बायका त्यांच्या जुड्या घेऊन बसतात. जे खुडतो ते शेवळाचे फूल असते. त्या वेळी पान आलेलेच नसते. पान मागाहून येते, छत्रीसारखे. ते पान पावसाळाभर अन्न करते आणि खालच्या कांद्यात भरते. तो कांदा भरला तर पुढल्या ज्येष्ठात शेवळ. म्हणून माझे सांगणे असे की शेवळ खुडताना कांदा उपटू नका, आणि मागाहून आलेले पान गुरांच्या पायाखाली जाऊ देऊ नका. पान गेले तर कणगी रिकामी राहील. बाजारात शेवळे कमी झाली अशी तक्रार मी ऐकतो. तक्रार करणाऱ्यांनी एवढे पाळले तरी पुष्कळ.

आणि आपला भात? भात निसवल्यापासून कापणीपर्यंत साधारण महिना जातो. दाण्यात जे पीठ भरते, त्यातले बरेचसे याच महिन्यात तयार होते, आणि ते वरची दोन-तीन पाने करतात. लोंबीच्या अगदी लगत जे शेवटचे पान असते, त्याला मी घरचा कर्ता मुलगा म्हणतो. खालची पाने म्हातारी झालेली असतात, सावलीत असतात. कमावते ते वरचे. त्या वेळी करपा आला, किंवा पाने गुंडाळणाऱ्या अळीने हिरवा भाग खरवडून पान पांढरे केले, तर लोंबी उभी दिसते पण दाणा पोचट निघतो. शेतकरी म्हणतो, "खत कमी पडले." खत कमी पडलेले नसते. चूल विझलेली असते. भाद्रपदात आभाळ सारखे गच्च राहिले तरी असेच होते. आभाळावर आपला इलाज नाही. पण पानावर आहे. म्हणून निसवण्याच्या सुमारास रोज बांधावरून एक फेरी मारा आणि लोंबीच्या आधी वरचे पान पाहा.

फार दाट लावणी केली की पीक जास्त येते, हाही एक गैरसमज आहे. दाट लावले की एकाचे पान दुसऱ्याच्या सावलीत जाते. चुली वाढतात, पण सरपण तेवढेच राहते.

येथे कोणी हुशार माणूस विचारील, "गुरुजी, मातीतून काहीच घेत नाही, तर खताला पैसे कशाला घालायचे?"

प्रश्न चांगला आहे. आमटीत मीठ किती असते? चिमूटभर. म्हणून मीठ नसले तर चालते का? मातीतून झाड मीठ घेते असे समजा. नत्र, स्फुरद, पालाश ही त्यांतली मोठी नावे. वजनाने ती थोडी लागतात, पण त्यांच्यावाचून हिरवा रंगच तयार होत नाही. नत्र कमी पडले की पान पिवळे पडते, म्हणजे भांडेच फुटते. तेव्हा खत हे अन्न नव्हे. पानाने अन्न करावे म्हणून लागणारे ते मीठ आहे. आणि मीठ जास्त झाले तर आमटीचे काय होते ते तुम्ही जाणता. युरियाची जास्त मूठ पडलेला भात माजतो, लोळतो, आणि करप्याला आधी बळी पडतो.

नत्राची एक गंमत सांगतो. आपल्या भोवतीच्या हवेत १०० भागांत ७८ भाग नत्रच आहे. पण झाडाला ते पानातून घेता येत नाही. ते पाण्यात विरघळून मुळातून यावे लागते. नदीकाठी राहायचे आणि घडा नसल्यामुळे तहानलेले राहायचे, असा प्रकार. पण वालाने घडा मिळवला आहे. भात कापल्यावर ओलीवर आपण वाल टाकतो. तो वाल फुलावर येण्याच्या सुमारास एक झाड हळूच खणून काढा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. काहीजण त्यांना रोग समजतात. तो रोग नव्हे. त्या गाठींत सूक्ष्म जंतू राहतात, ते हवेतले नत्र धरून वालाला देतात. वाल त्यांना पानात केलेली साखर देतो. गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी दिसली तर समजावे की काम चालू आहे. असा वाल काढताना मुळासकट उपटू नये. वरून कापावा. मुळे खाचरात कुजली तर ते नत्र पुढच्या भाताला थोडेबहुत पोचते.

दुसरी गंमत नाणेघाट-माळशेजच्या बाजूच्या कातळावर आहे. भाद्रपदात ओल्या कातळावर इवली निळी-जांभळी फुले येतात. त्यांना सीतेची आसवे म्हणतात. नाव गोड आहे, पण झाड शिकारी आहे. त्याच्या पाण्यातल्या भागाला बारीक फुगे असतात. पाण्यातला सूक्ष्म किडा फुग्याच्या दाराशी आला की तो आत ओढला जातो आणि तेथेच जिरतो. किडे खाऊन ते पोट भरते का? नाही. साखर तेही पानातच करते. पण कातळावर माती नाही, मातीत मिळणारे नत्र नाही. ते मीठ ते किड्यांकडून वसूल करते.

सगळीच झाडे अशी कष्टाळू नसतात. आपल्या आंब्यावर, मोहावर बांडगूळ वाढते. त्याला पान असते, हिरवा रंग असतो, म्हणजे चूल त्याची स्वतःची आहे. पण पाणी आणि मीठ ते आंब्याच्या फांदीत मूळ खुपसून चोरते. त्याचे फळ पक्षी खातात. बी चिकट असते. पक्षी ते दुसऱ्या फांदीवर पुसतो आणि तेथे नवे बांडगूळ उगवते. कुंपणावरची पिवळी अमरवेल त्याहून वाईट. तिला पान नाही, चूलच नाही. ती शिजलेले अन्नच चोरते. बांडगूळ नुसते ओरबाडले तर परत फुटते. ते जेथे चिकटले आहे त्याच्या खालून फांदीच कापावी, आणि फळ धरण्यापूर्वी कापावी. दोन्ही तालुक्यांत मी असे आंबे पाहतो, की ज्यांच्यावर आंब्यापेक्षा बांडगुळाची पाने जास्त आहेत. मालक म्हणतो, झाड म्हातारे झाले. झाड म्हातारे नाही, त्याचे पाणी पळवले जात आहे.

पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी तर झाडच नव्हे. ती हिरवी नसते, अन्न करीत नाही. कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर ती जगते. खायला मात्र उत्तम. पण ओळखीचीच खावी.

आता त्या आजींकडे येतो. राबाकडे.

राब म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला नको. पण पुस्तक दूरवर जाते, म्हणून थोडक्यात सांगतो. ज्या जागी भाताचे रोप करायचे, तेथे उन्हाळ्यात शेण पसरतात. त्यावर झाडांचा टहाळ, त्यावर पातेरा आणि गवत, वर थोडी माती. मग पेटवतात. ते सावकाश जळते. त्या भाजलेल्या जमिनीवर पाऊस लागताच बी टाकतात. टहाळ बहुधा ऐनाचा असतो. माघ-फाल्गुनात माणूस ऐनावर चढतो आणि झाडाच्या फांद्या उतरवतो. वर्षानुवर्षे असे उतरवलेले ऐन तुम्ही पाहता. ठोंब्यासारखे बुंधे, अंगावर गाठी, डोक्यावर चार काटक्या.

या टहाळावरून पूर्वी मोठी भांडणे झाली आहेत. इंग्रज सरकारने जंगले राखीव केली आणि टहाळ तोडण्यावर बंधने घातली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या ठाणे, पालघर आणि रायगडकडे, लोकांनी ओरड केली. १८८५ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिचा अहवाल १८८७ साली आला. साहेबांपैकी काहींचे मत असे होते की राब ही अडाण्यांची खोड आहे. शेतकरी म्हणत होते, राबाशिवाय रोप होत नाही. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबाचा कसून अभ्यास केला आणि १९१२ साली तो प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की रोपाला नुसत्या राखेचा फायदा होतो असे नाही. जमीन तापते त्याचाही मोठा फायदा होतो. तापलेल्या मातीत अडकून पडलेले मीठ मोकळे होते आणि रोपाच्या हाती लागते. शिवाय तणाचे बी जळते, हे तर तुम्ही रोज पाहता. म्हणजे आपले आजे-पणजे अडाणी नव्हते. राबाला गुण आहे, आणि तो कोणी नाकारू नये.

पण गुण आहे म्हणून किंमत विचारायची नाही काय?

आतापर्यंत जे सांगितले ते मनात धरा आणि राबाकडे पुन्हा पाहा. ऐनाची पाने म्हणजे ऐनाच्या चुली. त्या आपण उतरवतो. ऐन मग काय करतो? खोडात जी कणगी भरून ठेवली होती ती उघडून नवी पाने काढतो. ती पाने पावसाळाभर राबतात आणि कणगी पुन्हा थोडी भरतात. तोवर माघ येतो आणि आपण कोयता घेऊन उभे. दरवर्षी कणगी उपसायची आणि भरू द्यायची नाही, तर झाड वाढेल कसे? ते मरत नाही, ऐन मोठा सोशिक आहे. पण ते जाडीला वाढत नाही, बी धरत नाही, आणि बी नाही म्हणजे खाली नवे ऐन नाही. एका रोपाला मीठ मिळावे म्हणून आपण दुसऱ्या झाडाचे अन्न बंद करतो.

दुसरी गोष्ट धुराची. पानात आणि शेणात जे नत्र असते ते जळताना बहुतेक धुराबरोबर निघून जाते. राखेत पालाश उरतो, स्फुरद उरतो, चुना उरतो. नत्र उडते. मग तेच नत्र आपण आषाढात दुकानातून पोत्याने विकत आणतो. शेण आणि पातेरा खड्ड्यात कुजवला असता तर त्यातले बरेच नत्र घरी राहिले असते. हा हिशेब मला फार टोचतो.

मग राब सोडायचा तर करायचे काय? "जाळू नका" एवढेच सांगून जाणारे लोक पुष्कळ येतात. त्यांना आषाढात रोप उपटायचे नसते.

कोकणात भातासाठी चारसूत्री नावाची पद्धत डॉ. नारायण सावंत यांनी दिली. तिच्यात राबाला पर्याय आहे. भाताच्या गिरणीवर तूस पडलेले असते. ते अर्धवट जाळून काळी राख करायची. पांढरी होईपर्यंत जाळायचे नाही. जमिनीपासून थोडा उंच गादीवाफा करायचा, म्हणजे पाणी साचत नाही. चौरस मीटरला अर्धा ते एक किलो काळी राख त्या मातीत मिसळायची. तुसाच्या राखेत सिलिका असते. तिने रोपाचे पान ताठ आणि कणखर होते, कीड-करप्याला सहज दाद देत नाही. ताठ पानावर उजेडही चांगला पडतो. यात ऐनाची एक डहाळीही लागत नाही.

याच पद्धतीत बांधावर गिरिपुष्प लावायला सांगतात. काहीजण त्याला उंदीरमारी म्हणतात. त्याचा पाला चिखलणीच्या आधी खाचरात गाडायचा. गिरिपुष्पही वालाच्या कुळातले, मुळांवर गाठी धरणारे. पाला जाळायचा नाही, कुजवायचा. म्हणजे नत्र धुरात न जाता चिखलात राहते. तुम्ही म्हणाल, गिरिपुष्पाचीही पानेच तोडायची ना? होय. पण ते झाड लवकर फुटते, आणि ते आपण त्यासाठीच लावलेले असते. रानातला ऐन आपण लावलेला नाही.

लावणी १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतरावर दोरीने करायची, आणि लावणी झाली की चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी बोटाने ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. वर फेकलेले खत पाण्याबरोबर वाहते. खोचलेले मुळापाशी राहते. अंतर राखल्याने पानाला उजेड मिळतो, हे आता सांगायला नकोच.

एक अडचण मात्र खरी आहे. तुसाच्या राखेने तण मरत नाही. राबाने मरते. म्हणून ज्या जागी वाफा करायचा ती जागा वळवाच्या पावसानंतर तशीच ठेवावी. तण उगवेल. ते कोवळे असताना उकरून टाकावे आणि मग वाफा करावा. तरी एक खुरपणी जास्त पडेल, आणि ती बहुधा घरच्या बाईच्या अंगावर पडेल. घरच्या पुरुषांनी हे ऐकून ठेवावे. ऐनावर चढून टहाळ तोडण्याचे आणि डोक्यावरून भारे वाहण्याचे दिवस वाचतात, त्यांतला एक खुरपणीला द्यावा.

मी कोणाला राब एकदम बंद करा असे सांगत नाही. रोप फसले तर वर्ष फसते, आणि घरात खायची तोंडे असतात. मी एवढेच म्हणतो, या वर्षी अर्धे रोप राबावर करा, अर्धे तुसाच्या राखेच्या गादीवाफ्यावर. बी एकच घ्या. एकाच दिवशी टाका. लावणी वेगवेगळ्या खाचरांत करा आणि मध्ये खूण ठेवा. खळ्यावर झोडणी झाली की दोन्ही भात वेगवेगळे तोला आणि वहीत आकडा लिहा. आता लिहिता येतेच. ज्याला राब करायचाच आहे, त्याने एका झाडाच्या सगळ्या फांद्या न उतरवता शेंडा राखावा, आणि एकदा उतरवलेल्या झाडाला दोन वर्षे हात लावू नये.

तुसासाठी गिरणीवाल्याला चैत्रातच सांगून ठेवा. वैशाखात तो वीटभट्टीवाल्याला देऊन टाकतो.